मेलेल्यानं उठायचं कधी

त्सियाला मला पहिल्याच दिवशी म्हणाली,
उजेड काय, कुणीही देतो. खटका दाबला की झालं.
अंधार द्यायला शिक.

कुताइसीच्या त्या थिएटरात तिची खोली छताखाली,
कबुतरांच्या शेजारी.
तीस वर्षं तिची बोटं लोखंडी दांड्यांवर.
झोपलेल्या मुलाच्या अंगावरून
हात काढून घ्यावा
तसा ती उजेड काढून घ्यायची,
शेवटचा टक्का सगळ्यात सावकाश.
लोकांना कळायचंच नाही
दिसायचं कधी थांबलं.

मग अंधारात, मोजून नऊ सेकंदांत,
मेलेले उठायचे.
तलवारी बगलेत मारून, झगे सावरत,
चवड्यांवर विंगेत.
नवव्या सेकंदाला मंच रिकामा
आणि लोकांना वाटायचं, मरण असंच असतं,
नीटनेटकं.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात वीज गेली.
गेली म्हणजे गेलीच.
दिव्यांच्या काचांत कोळ्यांनी संसार मांडले.
त्सियाला रोज वर जायची, दांड्या पुसायची,
खाली यायची.

एल्गुजा म्हणाला, नाटक करू.
तिकीट नाही, ज्याचा त्यानं दिवा आणायचा.
लोक आले. कोट न काढता बसले.
रॉकेलचे कंदील, चर्चमधल्या बारीक पिवळ्या मेणबत्त्या,
जॅमच्या बाटलीत तेल आणि वात म्हणून बुटाची नाडी.
एका दंतवैद्यानं गाडीची बॅटरी उचलून आणली
आणि आजारी कुत्रं घ्यावं तशी
मांडीवर घेऊन बसला.
तिसरी घंटा शाळेतली, हातानं हलवलेली.

उजेड पहिल्यांदाच खालून आला.
अंझोर हनुवटीखाली रंग लावायचा आळस करायचा,
नेमका तिथं आधी.
राजा बोलला की तोंडातून वाफ,
कुणी खोकलं की भिंतीवरचा महाल हलायचा.

शेवटच्या अंकात राजा मेला. बरा मेला.
ठरलं होतं, मग सगळ्यांनी फुंकर घालायची.
त्सियाला विंगेच्या कडेला उभी राहिली,
हात वर केला, हळूहळू खाली आणला
आणि एकेक रांग विझत गेली.
दंतवैद्यानं तार सोडली.

सातव्या रांगेत एक उरली.
बाई पन्नाशीची, डोक्याला काळा रुमाल.
शेवटच्या अंकातच तिनं नवी मेणबत्ती लावली होती.
दोन्ही हातांत ती धरून
फळ्यांवर पडलेल्या माणसाकडे बघत होती.
फुंकर घालेना.

नऊ सेकंद झाले.
नव्वद झाले.
छाती हलू नये म्हणून अंझोर
श्वास गळ्याशीच ठेवत होता, मला दिसत होतं.
एल्गुजानं खुणावलं, जा, विझव.
मी दोन पावलं गेलो.
त्सियालानं माझी बाही धरली.

गावात सगळ्यांना ठाऊक होतं.
तिचा जाबा समुद्राकडे लढायला गेला,
घरी आलं ते पत्र.
अंग आलं नाही.

चर्चची मेणबत्ती किती टिकते?
मी नंतर घड्याळ लावून पाहिलंय, बावीस मिनिटं.
तेवढा वेळ मेलेला मेलेलाच राहिला.
तेवढा वेळ कुणी उठलं नाही,
ना वर, ना खाली.
कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं, तेही ऐकू आलं.
ज्योत नखाशी आली
तेव्हा तिनं ती चिमटीत धरली.

त्या अंधाराचे सेकंद
त्सियालानं मोजले नाहीत.

अंझोरचा डावा खांदा अजून दुखतो,
तो त्या फळ्यांना शिव्या घालतो.
माझ्यासमोर आता पडदा आहे, काचेचा,
बोट लावलं की ठार काळोख.
नवी मुलगी वहीत नोंदी करते.
परवा विचारत होती,
राजा मेल्यावर अंधार किती सेकंद लिहू?

नऊ लिही, म्हटलं.
पेन्सिलीनं लिही.